स्वस्ताईचा हिशोब

दिवाळीत बारामतीच्या घराचा माळा आवरायची ड्युटी माझ्याकडे लागली. (घरात इंजिनिअर एकच, त्यामुळे फ्यूज बदलणे, सगळ्यांचे मोबाईल नीट करणे आणि माळा आवरणे ही तिन्ही कामं आपोआप आमच्याकडेच येतात.) तर तिथे आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आत दोन तुटके चष्मे, लाल बांधणीच्या हिशोबाच्या वह्या आणि एक मळकं, पासबुकासारखं पुस्तक. उघडलं तर पानोपान तिकिटं चिकटवलेली आणि त्यांच्यावर पोस्टाचे शिक्के. रेडिओचं लायसन्स! वर्षाला पंधरा रुपये.

रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, हे ऐकून मी उडालोच. बाबा म्हणाले, "मग? दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायला लागायचे. ऐंशीच्या दशकात बंद झालं ते." पंधरा रुपये! आता तेवढ्यात धड चहा येत नाही. आम्ही हसलो आणि मग अपेक्षेप्रमाणे घरातला लाडका विषय निघाला. स्वस्ताई.

आजोबा गेले त्याला काही वर्षं झाली, पण त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. "अरे, आमच्या वेळी सोनं ऐंशी रुपये होतं!" ते हे वाक्य अशा काही सुरात म्हणायचे की ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटावं. जणू काही ते महाग आम्हीच केलं.

पण यावेळी डोक्यात किडा वळवळला. सोनं ऐंशी रुपये होतं हे खरं. मग आजोबांनी ते पोतंभर का नाही घेऊन ठेवलं? लॅपटॉप उघडला, एक्सेल शीट काढली आणि वीकेंड त्यातच गेला. त्याचा हा वृत्तांत.

सन १९५५, मुक्काम पोस्ट बारामती

आधी सीन डोळ्यांसमोर आणूया. आजोबा तेव्हा विशीचे. बारामतीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून नुकतेच चिकटलेले. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा निघाला, १९२८ साली भाटघरला नवं मोठं धरण झालं आणि या दुष्काळी पट्ट्यात कालव्याच्या कडेकडेने ऊस उभा राहिला. उसाचा गूळ, गुळाची बाजारपेठ, बाजारपेठेत अडती आणि अडतीवर आमचे आजोबा. दौंडहून बारामतीला येणारी छोटी रेल्वे, अडीच फुटी रुळांची, १९१४ पासून होतीच. एसटी १९४८ मध्ये सुरू झालेली, म्हणजे अगदी नवी कोरी. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना तीसच्या दशकापासून चालू होता आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं होतं. प्रवरानगरचं बघून माळेगाव आणि भवानीनगरला सहकारी कारखाने उभे राहिले, तेही याच पन्नासच्या दशकात.

आता हिशोब बघा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला १९२ पै. वजनाला चाळीस शेरांचा मण आणि ऐंशी तोळ्यांचा शेर. पोरांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करायला लावत, ती छळायला नव्हे. त्याशिवाय बाजारातून सुटे पैसे नीट मोजून घरी येणं अशक्य होतं. आजोबांच्या वहीत १ एप्रिल १९५७ नंतर एकदम खाडाखोड दिसते. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'रु. आ. पै.' हे रकाने जाऊन 'रु. न. पै.' आले. न. पै. म्हणजे नवे पैसे. गंमत म्हणजे रुपयाचे शंभर नवे पैसे केले तर आण्याला सव्वासहा पडतात आणि सव्वासहाचं नाणं तर नाही! म्हणून तक्ता आला : एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. आम्ही ज्याला राउंडिंग एरर म्हणतो, ती तेव्हा अख्ख्या देशाने गल्ल्यावर बसून सोसली. आण्याची वस्तू सोळा वेळा सुटी घेतली तर शहाण्णव नवे पैसेच होतात, उरलेले चार कुणाचे? भांडणं झाली नसतील तर नवल. पुढे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले आणि आजोबांना सगळं दुसऱ्यांदा शिकावं लागलं.

करमणूक म्हणाल तर तिची मजा होती. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हातोहात फिरायच्या. 'किर्लोस्कर' मासिक एकाने घ्यायचं आणि दहा घरांनी वाचायचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालेलं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, त्यावर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात एकूण छप्पन्न. लोक रेडिओला हार घालायचे म्हणतात.

आमच्या आजोबांनी ते अख्खं ऐकलं होतं. पण कसं? रेडिओ अडतीच्या मालकांचा. तो आत, गादीशेजारी. आजोबा आणि हमाल मंडळी बाहेर, ओट्यावर उभी. स्वतःचा सेट त्यांनी घेतला तो काही वर्षांनी, पैसे साठवून. ही ओट्याची गोष्ट आजोबा नेहमी हसत हसत सांगायचे. सोन्याच्या भावाच्या वाक्याला ती जोडून बघावी हे मला कधी सुचलंच नाही.

एक्सेल शीट

तर आता मुद्द्याचं. कुठल्याही वस्तूचा नुसता रुपयातला भाव लिहिला तर तो अर्धाच आकडा असतो. खाली छेद लागतो. तो छेद म्हणजे घेणाऱ्याची कमाई. छेद न लिहिता अंश सांगत बसणं म्हणजे स्वस्ताईच्या गप्पा.

पहिला छेद घेतला आपल्या तालुक्यातला, ऊस. तेव्हा केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव होता मणाला १ रुपया ७ आणे. (हा किमान. उतारा चांगला असेल तिथे कारखाने जास्तही देत.) मण म्हणजे ३७.३२ किलो. म्हणजे टनाला झाले साधारण साडेअडतीस रुपये. १९५५ मध्ये दहा ग्रॅम सोनं ७९ रुपयांच्या आसपास होतं. करा भागाकार. दोन टन उसात दहा ग्रॅम सोनं!

आणि आता? २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी टनाला ३५५० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. सोन्याने २०२५ साली दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला. नुसता एक लाख धरला तरी दहा ग्रॅमसाठी अठ्ठावीस टन ऊस घालावा लागतो. म्हणजे त्या काळच्या बागायतदाराच्या बाजूने पाहिलं तर आजोबा शंभर टक्के बरोबर होते. ज्याच्या शेतात कालव्याचं पाणी होतं, त्याला सोनं खरोखरच स्वस्त होतं. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांमधल्या पाटल्या आणि गोठ कुठून आले असतील, याचं उत्तर या दोन टनांत आहे.

पण जिरायती शेतकऱ्याचं काय? १९५४-५५ मध्ये धान्याचे भाव इतके घसरले की सरकारला काही धान्यांना आधारभाव जाहीर करावा लागला. विकत घेऊन खाणारा ज्या वर्षाला स्वस्ताई म्हणतो, ज्वारी विकणारा त्याच वर्षाला मंदी म्हणतो. एकाच बाजारात, एकाच दिवशी!

पंधरा सेंटचा बर्गर

इथे जरा अमेरिकेला जाऊन येऊ. कारण स्वस्ताईचा आजार काही फक्त बारामतीला नाही. आमच्या क्लायंटकडे एक साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. कॉल सुरू व्हायच्या आधी सगळे जमेपर्यंत ते हमखास सांगतात की त्यांच्या वडिलांच्या तरुणपणी हॅम्बर्गर पंधरा सेंटला मिळायचा. आवाज थेट आमच्या आजोबांचा.

खरंच मिळायचा. रे क्रॉकने शिकागोजवळ डे प्लेन्स इथे आपलं पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं ते १५ एप्रिल १९५५ ला. इकडे 'गीतरामायण' सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. तिथे हॅम्बर्गर पंधरा सेंट. त्यावेळी तिथलं कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला पाऊण डॉलर. म्हणजे बारा मिनिटं काम केलं की एक बर्गर. पुढच्याच वर्षी ते वेतन तासाला एक डॉलर झालं.

डॉलर तेव्हा ४ रुपये ७६ पैशांना होता. पंधरा सेंट म्हणजे आपले एकाहत्तर नवे पैसे. आणि आठ तासांचे आठ डॉलर म्हणजे अडतीस रुपये. अडतीस! मी शीटमध्ये हा आकडा पाहिला आणि दोनदा तपासला. म्हणजे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात कमी पगाराच्या कामगाराचा एक दिवस बरोबर आपला एक टन ऊस.

पण तिथेही छेदात गोम होतीच. हे किमान वेतन शेतमजुरांना लागूच नव्हतं. ते त्यांना मिळायला १९६६ चा कायदा यावा लागला. आणि पंधरा सेंटच्या बर्गरच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून अटक झाली. तिकीट सगळ्यांना सारखंच होतं, जागा नव्हती. 'ते सोनेरी दिवस' म्हणणारा नेहमी कुठल्या तरी एका जागेवर बसलेला असतो.

साडेतेरा आणे

आता परत या. शीटमध्ये शेवटचा छेद टाकायचा राहिला होता. शेतमजूर. आपल्या सरकारने पन्नासच्या दशकात शेतमजुरांच्या दोन देशव्यापी पाहण्या केल्या, १९५०-५१ आणि १९५६-५७ मध्ये. रोजंदारीवरच्या पुरुषाची सरासरी मजुरी पहिल्या पाहणीत दिवसाला एक रुपया नऊ पैसे (नव्या पैशांत). दुसरीत शहाण्णव पैसे. बाईची आधी अडुसष्ट, नंतर एकोणसाठ. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने मजुरी खरंच घटली का यावर अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ भांडले. आपण त्यात नको पडायला. आकडे फारसे हलले नाहीत एवढं धरलं तरी पुरे.

एकोणसाठ पैसे. म्हणजे दिवसभर उन्हात खुरपून अमेरिकेतला तो बारा मिनिटांचा बर्गरसुद्धा आला नसता.

रेडिओचं लायसन्स पंधरा रुपये. भागिले एकोणसाठ पैसे. पंचवीस दिवस! सेटची किंमत वेगळी. माळ्यावर ज्या पंधरा रुपयांना मी हसलो, ती एका बाईची जवळजवळ महिनाभराची मजुरी होती.

आणि सोनं? पहिल्या पाहणीप्रमाणे शेतमजुराच्या अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी ४४७ रुपये. खर्चातला ८५ टक्के भाग अन्नावर. म्हणजे रुपयातले साडेतेरा आणे नुसते पोटात गेले. उरलेल्या अडीच आण्यांत कपडे, औषधपाणी, रॉकेल, देवधर्म, लग्नकार्य सगळं. ४४७ च्या हिशोबाने वर्षाला ६७ रुपये. १९५० मध्ये दहा ग्रॅम सोनं होतं ९९ रुपयांच्या आसपास. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी वर्षभर उघडं राहायचं, आजारी पडायचं नाही, दिवा लावायचा नाही, आणि तरीही दहा ग्रॅम येत नाही.

स्वस्त होतं ना सोनं? होतंच की. रोजगार हमीच्या आजच्या दराशी तुलना केली तर दहा ग्रॅमला लागणारे मजुरीचे दिवस तेव्हा कमीच भरतात. शीट खोटं बोलत नाही. पण ज्याच्याकडे भाकरीनंतर अडीच आणेच उरतात, त्याला सोनं ऐंशी रुपये काय आणि आठशे काय, सारखंच.

भाऊबीज

भाऊबीजेला आम्ही मामाकडे जातो, इंदापूर तालुक्यात. बारामतीहून निघालं की आधी दोन्हीकडे ऊसच ऊस लागतो. आजीच्या लहानपणी भीमेकडचा तो भाग जिरायती. कालवा तिथवर पोचत नव्हता. आईच्या आईचं जुनं गाव आता तिथे नाहीच. उजनीच्या पाण्याखाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, तसं आजीच्या गावाचं काही वर येत नाही. तेव्हा पेटी नाही, वही नाही, लायसन्सचं पुस्तक तर नाहीच. फक्त आजी आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची.

१९५५-५६ ला ती चौदा-पंधराची. थंडीत आणि उन्हाळ्यात घरची सगळी माणसं कालव्याकडच्या बागायतीत खुरपणीला जायची, हे मला माहीत होतं. मी उत्साहाने शीट उघडून तिच्यासमोर बसलो.

"आजी, खुरपायला जायचीस तेव्हा मजुरी किती मिळायची गं?"

"काय की बाबा."

"आठवून बघ ना. आठ आणे? दहा आणे?"

"न्हाय ठाव."

मला वाटलं, वय झालं, विसरली असेल. म्हणून वेगळ्या बाजूने गेलो. गीतरामायण ऐकलं होतंस का? "आमच्यात कुठला रेड्यू." सिनेमा? इथे मात्र ती खुलली. जत्रेत तंबू यायचा. बाया एकीकडे, गडी एकीकडे. एकदाच पाहिला, 'श्यामची आई'. शेजारची म्हातारी धाय मोकलून रडली, ते तिला अजून आठवतं. तिकीट? तिकीट चुलत्याने काढलं होतं. जात्यावर म्हणायच्या ओव्या किती येत होत्या? "लई." कोणत्या शेतात ऊस किती उंच होता, पातीने हात कसे कापायचे, दुपारच्या भाकरीबरोबर काय असायचं, मुकादम कोणत्या गावचा होता, हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. मग मजुरीच कशी विसरली?

मी परत विचारलं. आजी हसली. वेड्या पोराला समजवावं तसं म्हणाली,

"आरं लेकरा, इसरायला आधी ठाव असाया लागतं. पैका माझ्या हातात कवा आला? मुकादम दादांच्या हातात द्यायचा. लगीन झाल्यावं तुझ्या आज्याच्या हातात."

(दादा म्हणजे तिचे वडील.)

मी शीटकडे पाहिलं. एकोणसाठ पैशांच्या रकान्यात मी इतका वेळ आजीला बसवत होतो. पंधरा रुपये भागिले एकोणसाठ, एकोणऐंशी रुपये भागिले एकोणसाठ. सगळं गणित बरोबर. पण तो छेदसुद्धा तिचा नव्हता. तिच्या हिशोबी छेद शून्यच होता आणि शून्याने भागलं की काय होतं हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

बारामतीच्या आजोबांना सगळे भाव तोंडपाठ होते, कारण भाव लिहिणं हेच त्यांचं काम होतं. इंदापूरच्या आजीला एकही भाव माहीत नव्हता. साल तेच, कालवाही तोच. 'आमच्या वेळी' हा शब्द घरात नेहमी पहिल्यांनीच वापरला. आजीला मी तो कधी वापरताना ऐकलेलं नाही.

परत येताना रस्त्यात ऊसतोडीच्या गाड्या लागल्या. हंगाम सुरू होत होता. बीडकडून आलेल्या जोड्या, पालांचं सामान, ट्रॅक्टरवर झोपलेली पोरं. तोडणीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याला आणि हिशोब होतो तोही कोयत्याचा. त्यातल्या बाईला सत्तर वर्षांनी तिच्या नातवाने विचारलं, आजी, तुला मजुरी किती मिळायची, तर ती काय सांगेल?

आईला म्हटलं, "आजीला काहीच कसं माहीत नाही गं?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझा पहिला पगार झाला ना, तेव्हा तिने तो हातात घेऊन दोनदा मोजला होता. नोटा परत दिल्या आणि म्हणाली, तुझ्याजवळच ठेव." पुढे बारामती येईपर्यंत आम्ही कुणी फारसं बोललो नाही.

असो. शीट सेव्ह केली आहे. रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक माझ्या टेबलावर आहे, आल्यागेल्याला दाखवतो. आता कुणी "किती स्वस्ताई होती राव" म्हणालं की मी मान डोलवतो. फक्त एक प्रश्न विचारतो, "कुणाला?"